आठपर्यंत मोजायचं

आबा, तुमचं विमान निवृत्त झालं. तुम्ही गेलात त्याला अठरा वर्षं होऊन गेली, तरी ते उडतच होतं. शेवटचं उड्डाण आईने टीव्हीवर पाहिलं, पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, "ह्यांच्यापेक्षा जास्त टिकलं गं मेलं." मी ऑफिसात फोनवर पाहत होते. बातमी देणारा माणूस वैमानिकांची नावं घेत होता, वेगाचे आकडे सांगत होता, आणि मी पडद्याच्या कोपऱ्यात विमानाच्या पोटाखाली वाकलेल्या, निळे कपडे घातलेल्या माणसांकडे बघत होते. त्यांचं कुणी काही बोललं नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "बरंय की, फिटर बातमीत आला म्हणजे काहीतरी चुकलं." मला मात्र राग आला. मग संध्याकाळी घरी येऊन मी आईला तुमची पत्र्याची ट्रंक काढायला लावली, आणि त्यातून ती तपकिरी पुठ्ठ्याची वही निघाली. त्या वहीत माझी एक खोटी सही आहे. तुम्हाला ती खोटी आहे हे ठाऊक नव्हतं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. त्याबद्दलच लिहायला बसलेय.

आधी माझ्या कामाचं सांगते, कारण तुम्ही होतात तेव्हा मी कॉलेजात होते आणि पुढे काय करणार ह्याचा मलाच पत्ता नव्हता. अंधेरीला मरोळच्या एका गाळ्यात आमची कंपनी आहे, लहानशी, खाली पॅकिंगचे खोके बनवणारे, वर आम्ही. आम्ही सिम्युलेटर बनवतो, म्हणजे जमिनीला चिकटलेलं, खोट्या आकाशात उडणारं विमान. माझं काम तपासणीचं. खरं विमान आणि आपलं विमान ह्यांत फरक कुठे पडतो ते हुडकायचं, लिहायचं, ते दुरुस्त झालं की पुन्हा बघायचं. घाटकोपरच्या खोलीत तुम्ही करत होतात तेच, फक्त मला त्याचा पगार मिळतो. गेल्या वर्षी आमच्याकडे एका संग्रहालयाचं काम आलं. निवृत्त होणाऱ्या लढाऊ विमानाचं कॉकपिट करायचं होतं, पोरांना बसून उडवता येईल असं, पण खेळणं नको, खऱ्याच्या जितकं जवळ जाईल तितकं. कामाच्या कागदांत विमानाचं चित्र पाहिलं आणि मी साहेबांना म्हटलं, हे मला द्या. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, ह्याचं इंजिन आमच्या घरी जेवायला असायचं.

खरंच असायचं की. टेकडीवरची आपली दहा बाय बाराची खोली, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली माझ्या अकरावीसाठी घेतलेला कॉम्प्युटर, आणि डोक्यावरून दर पाच मिनिटांनी विमानतळाकडे उतरणारं एक विमान. त्या आवाजात पाहुणे बोलायचे थांबत. तुम्ही वर न बघताच म्हणायचात, "चाकं बाहेर काढली ह्याने." हवाई दलातली वीस वर्षं इंजिन फिटर म्हणून काढून तुम्ही मुंबईला आलात आणि लिफ्टच्या देखभालीच्या कंपनीत लागलात. मुलुंड-भांडुपच्या सोसायट्यांच्या लिफ्ट तुमच्याकडे होत्या. आपली चाळ मात्र चढून जायची. आई चिडवायची, "लोकांना वर नेतात आणि आम्हाला पायऱ्या."

मैत्रिणीच्या भावाकडून मी विमानाच्या खेळाची सीडी आणली, त्यात तुमचं विमान निघालं. रविवारची दुपार आहे. तुम्ही बनियनवर, हात पाठीमागे बांधून माझ्या खुर्चीमागे उभे. पडद्यावर विमान धावपट्टीच्या टोकाला, इंजिन चालू. मी खूश होऊन विचारते, "कसंय, आबा? झकास ना?" तुम्ही पडद्याजवळ वाकून विमानाच्या पोटाखाली बघता. मग विचारता, "शिडी कुणी काढली?"

"कसली शिडी?"

"पायलट आत चढला कसा? उडी मारून? आणि पिना? चाकांच्या, खुर्चीच्या, लाल फडकी लावलेल्या पिना असतात, त्या काढून पायलटला मोजून दाखवतात. त्या कुणी काढल्या?"

"आबा, गेम आहे हो. तसंच सुरू होतं."

"म्हणजे आपोआप," तुम्ही म्हणालात, आणि आईकडे वळून, "ऐकलंस का, वीस वर्षं मी जे केलं ते इथे आपोआप होतं." आई कणीक मळत होती. ती म्हणाली, "मग वीस वर्षं घरी थांबायचं होतं." तुम्ही इतके हसलात की ठसका लागला.

पण दुसऱ्या रविवारी तुम्ही वही घेऊन आलात. पट्टीने रकाने आखलेले. तारीख, तक्रार, काय केलं, वैमानिकाची सही, फिटरची सही. हवाई दलात प्रत्येक विमानाचा असा फॉर्म असतो, त्यावर फिटर सही करतो आणि ती बघून वैमानिक सही करतो, मगच विमान हलतं, हे तुम्ही मला तेव्हा सांगितलंत. आपल्या खेळातल्या विमानालाही फॉर्म पाहिजे, हा तुमचा हट्ट. मला आधी गंमत वाटली, मग लाज वाटली, मग त्याचीच चटक लागली. पहिल्या पानावर तुमच्या गोल अक्षरात लिहिलंय: "थ्रॉटल पुढे केल्याबरोबर इंजिन पळते. खरे इंजिन आधी ऐकून घेते, मग पळते. आठपर्यंत मोजायचे." दुसरी तक्रार: "पॉवर काढली तरी विमान पतंगासारखे तरंगते. ह्याचे पंख एवढेसे. पॉवर काढली की दगड." तिसरी: "उतरल्यावर वेग कमी करायचे मागचे पॅराशूट सुटून पडते. ते उचलायला कोण जाते?" त्यापुढे "काय केलं" ह्या रकान्यात मी लिहिलंय, "कोणी नाही." त्या खेळाच्या सेटिंगमध्ये सोपं आणि खरं असे दोन प्रकार होते, हे मला त्या वहीमुळे कळलं. खरं केलं तेव्हा इंजिन आठ आकडे घ्यायला लागलं. तुम्ही माझ्या मागे उभं राहून मोठ्याने मोजून पाहिलंत, आठावर आवाज चढला, आणि तुम्ही माझ्या पाठीत धपाटा घातलात. शाबासकी मला का, ते कळलं नाही.

मग तो सोहळाच झाला. रविवारी जेवणं उरकली की तुम्ही प्लास्टिकच्या खुर्चीला माझी ओढणी बांधून तिचे पट्टे करायचात, माझ्या खांद्यावरून पुढे द्यायचात, घट्ट ओढायचात. मग दोन पावलं मागे, टाचा जुळवून, "सर, विमान तयार आहे." मला, सर. मोरीत भांडी घासायची राहिलेल्या मला. मी फॉर्मवर सही करायची आणि मग थ्रॉटल पुढे, आणि तुमची मोजणी. स्वस्तातली जॉयस्टिक आणलीत तिला तुम्ही सायकलच्या ब्रेकचा दांडा तारेने आवळून बसवलात, कारण खऱ्या विमानाचा ब्रेक हातातल्या दांडीवरच असतो आणि तो हवेवर चालतो. दांडा कशालाच जोडलेला नव्हता. मी तो दाबून सोडला की मागून तुम्ही तोंडाने "फुस्स" करायचात. सोळा वर्षांची मुलगी, पन्नाशीकडे चाललेला बाप. बाजूच्या मावशी दारातून बघून आईला म्हणाल्या, "तुमच्याकडे काय चाललेलं असतं हो?" आई म्हणाली, "ड्यूटी."

एकदा मी तोंड टाकलं होतं, ते आठवतं. सलग तिसऱ्यांदा विमान आपटलं आणि तुम्ही म्हणालात, पॉवर आधीच काढलीस. मी वैतागून म्हटलं, "तुम्ही तरी कुठे उडवलंय ते?" आईने लाटणं थांबवलं. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "नाही उडवलं. पण उडवणारा ते माझ्याकडून घेऊन जायचा आणि मला परत आणून द्यायचा. आला नाही तर मी तिथेच उभा असायचो." त्यानंतर मी ते वाक्य कधी बोलले नाही. आणि सहीच्या बाबतीत तुम्ही एकदाच रागावलात, मी दोन रविवारच्या सह्या एकदम उरकल्या तेव्हा. वही माझ्या हातातून घेतलीत. "तुझ्या आज्याला अंगठा लावावा लागायचा. लोक सांगतील तिथे. कागदात काय आहे ते त्याला कुणी सांगायचं नाही. आपल्याला सही आली ती सांगतील तिथे करायला नाही. सही म्हणजे मी स्वतः बघितलंय. बघितलं नसेल तर पेन उचलायचं नाही." मग चुकलेली नोंद कशी दुरुस्त करायची ते दाखवलंत. खोडायची नाही, वर कागद चिकटवायचा नाही, एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला पुन्हा सही.

सहा-सात महिने मी दर रविवारी उडत होते आणि दर रविवारी मोडत होते. वहीत ओळीने "उतरले नाही, उतरले नाही". प्रत्येक ओळीपुढे माझी सही आणि तुमची सही. तुम्हाला त्याचं वाईट वाटत नव्हतं. तुम्ही म्हणायचात, हे विमान असंच आहे, भल्याभल्यांना घाम फोडतं, पण ज्या दिवशी उतरेल त्या दिवशी ते तुझं.

मग तो आठवडा आला. तुम्ही मंगळवारी दुपारीच घरी आलात, डबा न उघडलेला. सोमवारी एका सोसायटीच्या लिफ्टची तपासणी होती, वर मशीनच्या खोलीची किल्ली मिळाली नाही, आणि कंपनीचा पोरसवदा इंजिनिअर म्हणाला, काका, सही करून टाका ना, कोण बघतंय. तुम्ही म्हणालात, दोर बघितल्याशिवाय करणार नाही. तो चार लोकांत ओरडला, तुम्ही तिथेच बसून राहिलात, आणि दुसऱ्या दिवशी कंपनीने तुम्हाला यायची गरज नाही म्हणून सांगितलं. एवढं तुम्ही आईला सांगितलंत, मी माळ्यावर पुस्तक घेऊन बसले होते ते विसरून. आई म्हणाली, "करायची होती सही. पडली असती का लगेच?" नंतरचे दिवस तुम्ही खाटेवर बसून. दाढी नाही. वरून विमान जातंय आणि तुम्ही त्याच्याबद्दल अवाक्षर काढत नाही. असे तुम्ही मला माहीत नव्हतात, आणि मला भीती वाटली, आबा. बाप असा गप्प बसलेला बघवत नव्हता.

रविवारी मीच ओढणी घेऊन तुमच्यापुढे उभी राहिले. तुम्ही "आज नको" म्हणालात, आईने ढकललं तेव्हा उठलात. हात धुवायला मोरीत गेलात. तेवढ्यात मी सेटिंग उघडलं आणि खऱ्याचं सोपं केलं. दोन क्लिक. मला एवढंच वाटत होतं की आज हे उतरलं पाहिजे. तुम्ही आलात, पट्टे आवळलेत, मागे सरकून "सर, विमान तयार आहे" म्हणालात, आवाज कोरडा. मी थ्रॉटल पुढे केला. तुम्ही मोजायला लागलात. एक, दोन, तीन. आणि थांबलात. विमान पळालं, चढलं, वळलं, मी पॉवर हवी तशी काढली तरी ते छान तरंगत राहिलं आणि धावपट्टीवर अलगद टेकलं. मी ब्रेकचा दांडा दाबला. मागून "फुस्स" आलं, थोडं उशिरा.

आई ओरडली, "उतरलं!" तिने मावशींना बोलावलं, संपूर्ण चाळीला सांगितलं की पोरीने लढाऊ विमान उतरवलं, आणि शिरा टाकला. तुम्ही सलाम ठोकलात, "सर, विमान ताब्यात घेतलं" म्हणालात, आणि माझ्यापुढे वही धरलीत. मी "उतरले" लिहिलं आणि सही केली, मोठ्ठी, खाली दोन रेघा ओढून. तुम्ही ती बघत होतात. मी म्हटलं, "तुमची?" तुम्ही म्हणालात, "करतो मागनं. शिरा गार होईल." शिरा खाल्लात, दोनदा मागून घेतलात. सोमवारी सकाळी दाढी केलीत, बूट घासलेत आणि काम शोधायला बाहेर पडलात. पंधरा दिवसांत चेंबूरच्या एका वर्कशॉपमध्ये लागलात. माझी परीक्षा जवळ आली, वही ट्रंकेत गेली, आणि तो विषय आपल्या घरात पुन्हा निघाला नाही. मी मनाला समजावलं की झालं ते चांगल्यासाठी झालं, माझ्या एका थापेने आबा उठून उभे राहिले.

आता मरोळचं. लोक विचारतात, तुमचं सिम्युलेटर अगदी खऱ्यासारखं आहे का. मी म्हणते, बटणं सगळी आहेत, दिवे आहेत, इंधन संपतं, इंजिन आठ आकडे घेतं, चूक केली की मरता. पण मे महिन्यात बंद काचेखाली उकळणारं डोकं नाही, वळताना छातीवर बसणारा भार नाही, केरोसीनचा वास नाही. तुमच्या कपड्यांना यायचा तो, सुट्टीवर आलात की आई दोनदा उकळवायची ते. आणि बाहेर कुणी नाही. जमिनीवरची सगळी माणसं मिळून आमच्याकडे एक बटण आहे. ते दाबलं की शिडी जाते, पिना निघतात, वीज जोडली जाते. ते बटण तपासायचं कामही माझ्याकडेच होतं. मी ते तपासलं, "ठीक" लिहिलं, आणि बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

कॉकपिट तयार झालं तेव्हा ते विमान उडवलेले एक निवृत्त अधिकारी बघायला आले. सत्तरीचे, काठी घेऊन. आत बसले आणि दोन्ही हात खांद्यापाशी वर धरून तसेच थांबले. मला वाटलं खांदा धरला. "काय झालं, सर?"

"काही नाही," ते ओशाळून हसले. "पट्टे मागून कुणीतरी हातात द्यायचा. सवय हो, दुसरं काय."

मी पायरीवर चढले आणि पट्टे त्यांच्या खांद्यावरून पुढे दिले, ओढून घट्ट केले. त्यांनी थ्रॉटल पुढे केला आणि गुडघ्यावर बोट आपटत राहिले. आठाला आवाज चढला. "हे बरोबर जमलंय. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"वडिलांनी. इंजिन फिटर होते."

त्यांनी थ्रॉटल मागे घेतला. मग म्हणाले, "मी विमानाभोवती एक चक्कर मारायचो, टायरला लाथ घालायचो आणि सही करायचो. इंजिनात काय आहे ते मला काय डोंबल दिसणार होतं? मी त्यांची सही बघायचो. ती असली की बसायचो." उतरताना पायरीवर त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि काठी हातात दिल्यावर "थँक यू" म्हणाले, मला नव्हे बहुतेक.

त्या दिवसापासून वही काढायचं मनात होतं. विमान निवृत्त झालं तेव्हा काढली. आईने चष्मा लावून पानं उलटली आणि तुमच्या अक्षरावरून बोट फिरवत बसली. शेवटचं पान मी एकटीने पाहिलं. "उतरले." पुढे माझी ती मोठ्ठी सही, खाली दोन रेघा. त्यापुढचा रकाना रिकामा. आधीच्या प्रत्येक मोडलेल्या विमानापुढे तुमची सही आहे, ह्या एका उतरलेल्यापुढे नाही. जे खरं झालेलं स्वतः बघितलं नाही त्यावर तुम्ही पेन उचललं नाहीत. त्या आठवड्यात एकदा आपली नोकरी घालवून, आणि एकदा आपल्याच घरात, शिरा गार होईल म्हणून.

मी पट्टी घेऊन त्या नोंदीवर एक सरळ रेघ मारली. बाजूला लिहिलं, "सोपे करून उतरवले," आणि सही केली, साधी. त्यानंतर ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी रोज बसते, सगळं खरं ठेवून. आमच्याकडचा एक मुलगा हसतो, "मॅडम, तुम्हीच बनवलंय आणि तुम्हालाच उतरवता येत नाही?" नाही येत. काल चाकं टेकायच्या आतच मी घाईने पॉवर काढली. उजवं चाक मोडलं. वहीत नवीन ओळ लिहिली, "उतरले नाही." सही केली. तुमचा रकाना आखून ठेवलाय.

हे पत्र त्याच पानात ठेवून ट्रंकेत टाकणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवणार. पण बंद करायच्या आधी वर लिहिलेलं एक वाक्य खोडून न काढता त्यावर रेघ मारायची आहे. तुम्हाला ठाऊक नव्हतं असं मी धरून चालले, असं मी लिहिलं. ते खरं नाही, आबा. तुम्ही तीनवर थांबलात ते मी तेव्हाच ऐकलं होतं. म्हणून तर उतरेपर्यंत एकदाही मागे वळून पाहिलं नाही.